जाऊन-येऊन

कालवाची धार टाचेत शिरली तेव्हा
मी एक शिवी दिली, चिखल दाबला,
आणि टोपली भरेपर्यंत थांबले नाही.
तिसऱ्या रात्री हुडहुडी भरली.
पाय पोटरीपर्यंत लाल,
कुर्ली उकडल्यावर होते तसा.

मालवणच्या दवाखान्यात बीडकडची पोरसवदा डॉक्टर.
तिने निळ्या पेनाने माझ्या पायावर रेघ ओढली,
लाली संपते तिथून, गोल फिरवून,
जमिनीची मोजणी करतात तशी.
म्हणाली, ही हद्द. लाली हिच्या वर चढली तर खाट.
नाही चढली तर सात दिवस रोज नऊला यायचं,
इंजेक्शन घ्यायचं, घरी जायचं.
मी विचारलं, खाट रिकामी नाही का?
"आहे ना मावशी. पण तुम्हाला लागणार नाही."

आनंद व्हायला हवा होता.
पण दारातून मी खाटा मोजून ठेवल्या होत्या.
खिडकीजवळच्या खाटेवर चिंदरची कोणी बाई,
भिंतीकडे तोंड करून दिवसाढवळ्या झोपलेली,
उशाशी सोललेलं मोसंबं.
एकोणीस वर्षांत मला कोणी मोसंबं सोलून दिलेलं नाही.

शिरेत सुई तशीच ठेवून, वर गुलाबी टोपण लावून
खवणेकर सिस्टरने पट्टी मारली.
"घराक जा गो. पाय उशयेर ठेव. भांडी घासू नको."
मग कोण घासणार, हे तिने विचारलं नाही.
मीही नाही.

लाडोबाची रिक्षा, कोळंबचा पूल.
पहिल्या दिवशी नेमक्या नऊला खडक उघडे,
सुलोचना नि तिची सून कोयती घेऊन वाकलेल्या.
ओहोटी रोज थोडी उशिरा येते,
माझे नऊ मात्र नऊच.
चौथ्या दिवशी पुलावरून पाहिलं,
पाणी अजून खडकांच्या गळ्याशी होतं.

औषधाआधी सिस्टर नळीत थोडं पाणी सोडते.
पहिल्यांदा जिभेवर खारट आलं, मी दचकले.
"मिठाचा पाणी ता."
म्हणजे खाडीच की,
गाळलेली, बाटलीत भरलेली, वर तारीख टाकलेली.

जाऊ बघायला आली.
"ॲडमिट करूक नाय? मगे काय एवढा नाय."
बिस्किटांचा पुडा तिच्या पिशवीतून डोकावत होता.
तसाच परत गेला.
मी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून
डाव्या हाताने तिचा कप विसळला.

रात्री दोनला मोबाइलचा उजेड पायावर.
लाली रेघेला टेकलेली,
आणि रेघेपलीकडे एक ठिपका.
घरात सगळे घोरत होते.
बराच वेळ बघत राहिले त्याच्याकडे.
मग तो खाजला. डास.
हायसं वाटलं की हिरमोड झाला,
खरंच सांगता येणार नाही.

पाचव्या दिवशी लाली उतरू लागली.
रेघेच्या आत कातडीची एक पट्टी उघडी पडली,
सुरकुतलेली, फिकट,
पाणी गेल्यावर मळी दिसते तशी.

सातव्या दिवशी सुई निघाली. कापूस, दाब, संपलं.
डॉक्टरीण म्हणाली, कालवं म्हणजे नेमकं काय हो?
मी सांगितलं: दगडाला चिकटलेला दगडच,
कोयतीने टकला फोडायचा, आत जीव.
तिने तोंड वाकडं केलं.
"आता बूट घालून जा," म्हणाली.
बूट घालून कालवं! मी पोट धरून हसले.

केसपेपर यायचा होता.
खिडकीजवळची खाट रिकामी, चादर ताणलेली.
चिंदरची कुठे गेली, विचारायचं धाडस झालं नाही.
मी कडेला टेकले.
कोणी काही बोललं नाही.
मग पाय वर घेतले.

बाहेर लाडोबा भोंगा वाजवत होता.
म्हटलं, वाजव.